पांढरी दोन

चौथा दिवस.
खालच्या सप्तकातली पांढरी दोन दाबली
की नळी बोलते,
आणि तिच्या बोलण्यात एक माशी.

वेल्गाने नळी उतरवली,
पुरुषभर उंच, शिशाची,
दोघांनी मिळून आडवी केली बाकावर.
ओठ पाहिले. टाळू पाहिली.
तळाच्या भोकात पीस फिरवलं
तर खरोखरच एक गांधीलमाशी निघाली,
सुकून कागद झालेली.
"सापडली!" ती ओरडली, देवळात ओरडू नये इतकं.
नळी पुन्हा चढवली.
"रेनार्स, दाब."

माशी तिथेच.

मग भाता. मग वाऱ्याची पेटी. मग चामड्याची झडप,
मग शेजारची नळी, तिच्या शेजारची,
मग बिचारा रेनार्सच.
"नीट दाब."
"नीटच दाबतोय."
"मग सरळ बस."
एकोणीस वर्षांचं पोर,
सकाळपासून एकाच पट्टीवर बोट,
एकच स्वर जेवून बसलेलं.

रविवारी कुणाचं तरी लग्न.
पास्टरबाई दोनदा येऊन गेल्या.
विचारलं काही नाही,
कॉफी ठेवली,
आणि गार झालेली परत नेली.

ऑर्गनच्या पोटात, आतल्या फळीवर
वेल्गाच्या बापाची पेन्सिल आहे अजून.
तारीख, तापमान,
आणि तीन-चार ठिकाणी नुसतंच: आज पुरे.
लहानपणापासून तिला वाटत आलं,
बापाला बिअरची घाई असायची.

दुपारी तीनला तिने पाना फेकला नाही.
(फेकायचा होता.)
खाली ठेवला, फडक्यावर,
आणि दाराबाहेर आली.
रेनार्सला काही सांगायचं राहून गेलं.

बाहेर कबरी, पाइनची झाडं,
झाडांमागे बाल्टिकचा वास.
मिर्द्झा वाळू विंचरत होती.
इथली रीतच ती:
कबरींभोवती पांढरी वाळू पसरायची,
दंताळं घेऊन उलट चालायचं,
मागे, मागे,
आपली पावलं आपणच पुसत फाटकापर्यंत.
नव्वदीला टेकलेली बाई.
पुढे तोंड करून हे काम होतच नाही,
कितीही जोर लावला तरी शेवटी बूटच उमटतात.
असलं काही मिर्द्झा म्हणाली नाही.
ती म्हणाली, "बटाटा खातेस?"

डब्यात उकडलेला बटाटा, शेपू,
खारवलेल्या हेरिंगचा तुकडा.
वेल्गा भिंतीला पाठ लावून बसली.
भिंत दिवसभराच्या उन्हाने कोमट.
तिला उजव्या मोज्याचं भोक आठवलं,
बापाची मिशी आठवली, फेस लागलेली.
नळी नाही आठवली.
नाद सुटतो तो असा,
खिशातून नाणं पडावं तसा,
पडल्याचा आवाजसुद्धा न करता.

आत रेनार्सला ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं.
कंटाळून त्याने पुन्हा पट्टी दाबली.
भिंतीतून स्वर आला,
जाड, गोल, निकोप,
तिच्या पाठीच्या कण्यातून वर चढला.
आणि माशी
आतून आली नाही.
माशी डोक्यावरून आली.

वेल्गाने मान वर केली.
एव्हाना फाटकापाशी पोचलेल्या मिर्द्झाने
दंताळ्यानेच दाखवलं:
उत्तरेची खिडकी, दुसऱ्या ओळीतली निळी काच.
"गेल्या वादळापासून सैल आहे.
घंटा वाजली तरी थरथरते.
मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

चार दिवस.
गांधीलमाशीसुद्धा निर्दोष.

बोटभर लांबी लावायची,
फार तर अर्ध्या तासाचं काम.
वेल्गा उठली नाही.
अर्धा बटाटा बाकी होता,
आणि तिच्यापासून दारापर्यंत
सगळी वाळू विंचरून झालेली,
एक रेघ मोडलेली नाही.
तिने बोटाचं मीठ चाटलं.
वर काच थरथरली, थांबली, थरथरली.
आत पोरगं इमानाने पांढरी दोन दाबत होतं.
त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.